सलोख्याचे तेवीस दिवस

1948 साली नायगाव हे तालुक्याचे ठिकाण नव्हते. बिलोली तालुक्यातले, नांदेड जिल्ह्यातले आणि म्हणून निजामाच्या राज्यातले ते एक गाव होते. लातूर हा जिल्हा तर 1982 साली झाला. त्याआधी लातूर शहर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे आणि आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके 1956च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. उलट आज तेलंगणात गेलेला मुधोळ तालुका तेव्हा नांदेडकडे होता आणि किनवट आदिलाबादकडे. हद्दींचा हा तपशील आरंभीच द्यावा लागतो, कारण ज्या कागदाबद्दल इथे लिहायचे आहे त्यात जिल्ह्यांची नावे त्या जुन्या अर्थाने येतात. त्या कागदाने सर्वाधिक होरपळलेले चार जिल्हे सांगितले आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. आजच्या नकाशावर ही नावे ठेवून पाहिली, तर किनवटकडचा भाग वगळता जवळजवळ सगळा नांदेड-लातूर पट्टा या चारांत येतो. नायगाव त्याच्या मधोमध, नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावर.

हा कागद म्हणजे पंडित सुंदरलाल यांच्या शिष्टमंडळाने 1948 सरता सरता हैदराबाद संस्थानाचा दौरा करून केंद्र सरकारला दिलेला अहवाल. नायगावचे नाव त्याच्या मुख्य मजकुरात येत नाही. तरीही नायगावच्या माणसाने तो वाचावा, कारण त्यात भीतीचे दोन हंगाम एकाच प्रदेशाच्या खात्यावर एकामागून एक मांडलेले आहेत. आपल्याकडे त्यांतल्या पहिल्याचे बोलणे व्यासपीठावरून होते आणि दुसऱ्याचे ओसरीवर, तेही आवाज खाली आणून.

पहिला हंगाम रझाकारांचा. त्याची मुळे मागे जातात. 1938 साली संस्थानात स्टेट काँग्रेस आणि आर्य समाज यांचे सत्याग्रह झाले, तेव्हापासून तुरुंग, बंदी आणि जमावाचे हल्ले हा मराठवाड्यातल्या राजकारणाचा भाग झाला होता. पुढे लातुरात वकिली करणारा कासीम रझवी 1946च्या अखेरीस इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला आणि संघटनेच्या स्वयंसेवक दलाला, म्हणजे रझाकारांना, त्याने खाजगी सैन्याचे रूप दिले. त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला बिलोलीजवळच्या अर्जापूर शिवारात काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. नायगावच्या लोकांना हे ठिकाण दूरचे नव्हते. आज तिथे त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.

1947च्या ऑगस्टनंतर हैदराबाद ना भारतात सामील झाले ना पाकिस्तानात. 29 नोव्हेंबर 1947 रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यात वर्षभरासाठी ‘जैसे थे’ करार झाला. दिल्लीच्या दृष्टीने ते वाटाघाटींसाठी मिळवलेले वर्ष होते. बिलोली, कंधार, देगलूर, मुखेड भागातल्या गावांच्या दृष्टीने मात्र ते वर्ष दरमहा हप्ता भरण्याचे ठरले.

हप्ता हा शब्द माझा आहे, पण पद्धत अहवालात नोंदलेली आहे आणि ती वाचताना प्रथम जाणवते ती तिची शिस्त. प्रत्येक गावावर, शहरावर रझाकार दरमहा ठरावीक रक्कम बसवत. ती मुकाट्याने दिली तर बहुधा पुढे त्रास होत नसे. नकार आला की लूट. लुटीला कोणी आडवे आले नाही तर माल, कधी मोटारट्रकमध्ये भरून, नेला जाई आणि प्रकरण तिथे थांबे. विरोध झालाच तर जाळपोळ, खून, बायकांवर अत्याचार, त्यांना पळवून नेणे. शिष्टमंडळाने हे सारे अगदी थोडक्यात लिहिले आहे, पण त्या चार-पाच वाक्यांत एका अख्ख्या वर्षाचे गावजीवन सामावलेले आहे. रक्कम गावावर बसली म्हणजे ती कोणीतरी गोळा केली असणार; प्रत्येक घरावर किती, हे कोणीतरी ठरवले असणार; कोणी दिली नाही तर त्याच्या वाटचे कोणीतरी भरले असणार. गावातली शांतता अशी महिन्याच्या बोलीवर विकत घेतलेली असली की शेजाऱ्याने दिलेला नकार हाही आपल्याच घरावरचा धोका वाटू लागतो. हे माझे अनुमान आहे. पण वसुलीची पद्धत अहवालात म्हटल्याप्रमाणे असेल तर दुसरे काही संभवत नाही.

सशस्त्र प्रतिकारही याच पट्ट्यात झाला. संस्थानाच्या हद्दीबाहेर स्टेट काँग्रेसने तळ उभारले होते. नांदेड जिल्ह्यासाठी पैनगंगेपलीकडचे उमरखेड हे त्यांतले महत्त्वाचे ठाणे. पुढे ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक झालेले अनंत भालेराव त्या तळावर होते. 30 जानेवारी 1948 रोजी, नायगावहून गोदावरी ओलांडली की येणाऱ्या उमरीत, हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर लढ्याच्या खर्चासाठी छापा घालण्यात आला. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीला अप्पासाहेब नाईक यांच्या गढीवर रझाकारांशी लढाई झाली, माणसे पडली. या घटनांची स्मारके आहेत आणि दरवर्षी तिथे माणसे जमतात, ते योग्यच आहे. पण प्रत्येक छाप्यानंतर आणि चकमकीनंतर भोवतालच्या ज्या खेड्यांना आता आपल्यावर काय येणार याची वाट पाहावी लागली, त्यांचे स्मारक नाही.

याच हंगामात एक वेगळा आवाज उठला होता आणि तो नांदेड जिल्ह्यातूनच उठला होता. इथे महसूल खात्यात अधिकारी असलेल्या मोहम्मद फरीद मिर्झा यांनी रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध म्हणून निजामाच्या नोकरीचा राजीनामा दिला. ऑगस्ट 1948मध्ये सात मुसलमान गृहस्थांनी, रझाकार संघटना विसर्जित करा आणि भारतात सामील व्हा, असे निवेदन काढले. त्यावर सही करणाऱ्यांत फरीद मिर्झाही होते. त्याच महिन्यात ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना हैदराबादच्या रस्त्यात गाठून मारण्यात आले. सामिलीकरणाची बाजू मांडत राहिले, हा त्यांचा गुन्हा. त्या दिवसांत अशा कागदावर सही करणे म्हणजे काय होते, हे या खुनावरून कळावे. मराठीत मुक्तिसंग्रामावर जे लिहिले जाते त्यात शोएबुल्ला खान यांचे नाव येते. फरीद मिर्झा यांचे क्वचितच येते; नांदेडच्या माणसांनी तरी ते विसरायला नको होते.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. 17 तारखेला निजामाने हार पत्करली, दुसऱ्या दिवशी मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्यापुढे निजामाच्या सैन्याने शरणागती दिली. कासीम रझवी पकडला गेला, 1957पर्यंत तुरुंगात राहिला आणि सुटल्यावर पाकिस्तानात गेला. पहिला हंगाम संपला.

दुसरा हंगाम त्याच आठवड्यात सुरू झाला आणि तो ज्यांच्यावर आला त्यांतल्या बहुतेकांनी रझाकारांचा गणवेश कधी अंगावर चढवला नव्हता. खेड्यांत मुसलमान अल्पसंख्य होते, विखुरलेले होते. अहवाल म्हणतो त्याप्रमाणे खुनांबरोबर किंवा त्यांच्या मागोमाग लूट, जाळपोळ, स्त्रियांवर अत्याचार, त्यांना सोलापूर-नागपूरसारख्या संस्थानाबाहेरच्या शहरांपर्यंत पळवून नेणे, मशिदींची विटंबना, सक्तीची धर्मांतरे, घरे आणि जमिनी बळकावणे हे प्रकार घडले. यात रझाकारांकडून पोळलेलेच लोक होते असे नाही. सैन्याच्या मागोमाग हद्दीपलीकडून सशस्त्र टोळ्या आत शिरल्या. सोलापूर आणि इतर शहरांतल्या एका हिंदू जातीय संघटनेची शिकवून तयार केलेली माणसे काही ठिकाणी पुढारपण करत होती. काही भागांत कम्युनिस्टही सामील होते, असे शिष्टमंडळाचे म्हणणे. पोलिसांतले आणि सैन्यातले काही जण लुटीत आणि त्याहून गंभीर गुन्ह्यांत सामील झाल्याचा निर्विवाद पुरावा आपल्यापाशी आहे, हे सांगणे कर्तव्य म्हणून भाग आहे, अशा अर्थाचे वाक्य अहवालात आहे. त्याच अहवालात जनरल चौधुरी यांच्या मनात जातीय भेदाचा लवलेश नाही, ते कडक शिस्तीचे सद्गृहस्थ आहेत, असेही लिहिले आहे. सोयीनुसार यांतले एकच विधान उचलणाऱ्यांची दोन्ही बाजूंना कमतरता नाही.

लातूरबद्दलचा मजकूर सर्वांत अंगावर येतो. रझवीचे गाव, मोठी बाजारपेठ, कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या श्रीमंत पेढ्या. तिथे वीस दिवसांहून अधिक काळ माणसे मारली जात होती. शहरात सुमारे दहा हजार मुसलमान होते. शिष्टमंडळ पोहोचले तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजारावर मारले गेले होते, बाकीचे नेसत्या वस्त्रांनिशी पळाले होते. वीस दिवस हा आकडा मला हजारांच्या आकड्यापेक्षा अधिक बोलका वाटतो. एखाद्या रात्री जमाव बेभान झाला असे म्हणता येते. वीस दिवस म्हणजे मध्ये आठवडी बाजार येऊन गेले, कचेऱ्या उघडल्या, सरकारी हुकूम निघाले, आणि तरीही ते चालू राहिले.

दिल्लीला सुरुवातीला मिळालेल्या बातम्या समाधानकारक होत्या. हळूहळू वेगळ्या बातम्या येऊ लागल्या. 26 नोव्हेंबर 1948 रोजी पंतप्रधान नेहरूंनी संस्थान खात्याला टिपण पाठवले: आपल्यापर्यंत आलेल्या गोष्टींत थोडे जरी तथ्य असले तरी हैदराबादची स्थिती आपल्याला सांगितली गेली त्याहून कितीतरी वाईट आहे, असा त्याचा रोख होता. लगोलग शिष्टमंडळ निघाले. नेहरूंनी पाठवलेली माणसे सरकारी चौकशी अधिकारी नव्हती. पंडित सुंदरलाल हे गांधीजींच्या मार्गातले कार्यकर्ते. ब्रिटिश राजवटीवरचा त्यांचा हिंदी ग्रंथ 1929 साली निघाला आणि लगेच जप्त झाला होता. काझी अब्दुल गफ्फार हे उर्दूतले नामवंत लेखक. हैदराबादेत ‘पयाम’ दैनिक चालवलेले, म्हणजे या राज्याची नस ओळखणारे. तिसरे मौलाना अब्दुल्ला मिस्री.

29 नोव्हेंबरला ते हैदराबादला पोहोचले. ‘जैसे थे’ करारावर सह्या झाल्या त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष पुरे होत होते. करार तोवर इतिहासजमा झाला होता. 21 डिसेंबरला मंडळी दिल्लीला परतली. जाण्यायेण्याचे धरून तेवीस दिवस. या दिवसांत त्यांनी संस्थानातल्या सोळांपैकी नऊ जिल्हे, जिल्ह्यांची सात ठाणी, एकवीस शहरे आणि तेवीस मोठी खेडी पाहिली. ज्या गावांना जाणे जमले नाही अशा 109 गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांना भेटून त्यांनी माहिती घेतली. एकतीस जाहीर सभा आणि सत्तावीस खाजगी बैठका झाल्या. निजाम, जनरल चौधुरी, मुलकी प्रशासक बाखले, स्वामी रामानंद तीर्थ आणि काँग्रेसचे इतर पुढारी यांच्या भेटी झाल्या. बैठकांत काँग्रेसवाले होते तसे जमियत-उल-उलेमाचे आणि इत्तेहादचेही लोक होते.

आपण चौकशी आयोग नाही, हे शिष्टमंडळाने पहिल्यांदाच सांगून टाकले आहे. दोन समाजांतले संबंध सुधारावेत म्हणून आलेले हे सद्भावना मंडळ. सभांमधून त्यांनी लोकांना आवाहन केले ते हेच: झाले गेले विसरा, सलोख्याने राहा. सभेतले हे बोलणे आणि अहवालातला मजकूर यांची फारकत हीच या कागदातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, असे मला वाटते. तिघेही सभेत लोकांना विसरायला सांगत होते आणि रात्री मुक्कामावर, विसरू नये असे सगळे टिपून घेत होते. अहवालाच्या आरंभी त्यांनी म्हटले आहे की पाहिलेले आणि ऐकलेले सरकारच्या कानावर घालणे आम्ही कर्तव्य समजतो. यात दुटप्पीपणा पाहणाऱ्याने ते दिवस ध्यानात घ्यावेत. काही ठिकाणी विहिरींतली प्रेते अजून बाहेर काढली गेली नव्हती. शिष्टमंडळाला त्या विहिरी दाखवण्यात आल्या आणि एका विहिरीतली प्रेते त्यांनी मोजली. अशा गावात सभा घेऊन हिशेब मांडला असता तर तिसरा हंगाम सुरू झाला असता. आणि सरकारलाही विसरायलाच सांगितले असते, तर पळवलेल्या बायका आणि बळकावलेली घरे परत मिळण्याची आशाच संपली असती. गावाला धीर द्यायचा आणि सरकारला हिशेब द्यायचा, ही दोन कामे त्यांनी वेगळी ठेवली. सलोख्याचे काम करणाऱ्या पुष्कळांना हे जमत नाही. ते दोन्हीकडे एकच गोड भाषण करतात.

आता आकडे. अहवाल म्हणतो, सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत अठरा हजारांहून कमी माणसे मेली नसावीत. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चारांत किमान पाच हजार. आणि सगळ्या संस्थानात, हात राखून अंदाज केला तरी, सत्तावीस ते चाळीस हजार. हे आकडे जसेच्या तसे उगाळले जातात, म्हणून ते कसे उभे राहिले ते पाहिले पाहिजे. अठरा आणि पाच मिळून तेवीस हजार होतात. म्हणजे खालच्या टोकाचे उरलेले चार हजार तुलनेने शांत राहिलेल्या जिल्ह्यांतले धरावे लागतात. वरचे टोक त्याहून तेरा हजारांनी पुढे आहे. इतके अंतर ठेवणारा माणूस मोजत नसतो, अदमास बांधत असतो आणि तसे प्रामाणिकपणे दाखवत असतो. संस्थानात सुमारे बावीस हजार खेडी होती. शिष्टमंडळाने पाहिलेली आणि ज्यांची साक्ष घेतली ती मिळून 132. शंभरांत एकही नव्हे. शिवाय ते मुद्दाम सर्वाधिक झळ लागलेल्या भागात गेले होते. त्यामुळे हा आकडा खानेसुमारीसारखा वापरू नये. पण तेवढ्याने तो खोटा ठरत नाही. कॅनेडियन इस्लाम-अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी 1950 साली हैदराबादवर लिहिताना नोंदवले आहे की काहींचे अंदाज दोन लाखांपर्यंत जात होते. त्याच्या शेजारी सुंदरलाल यांचा आकडा संयमाचाच म्हणायला हवा. माझ्या मते आकड्यापेक्षा पक्की आहे ती जिल्ह्यांची क्रमवारी. नऊ जिल्हे एका दमात पाहणाऱ्यांना कुठे जास्त, कुठे कमी हे नीट दिसते, आणि नांदेड त्यात वरच्या चारांत आहे.

त्या क्रमवारीबद्दल अहवालाने एक निरीक्षण नोंदवले आहे, ज्यावर मराठवाड्यातला प्रत्येक वाद येऊन थांबायला हवा. जे चार जिल्हे सप्टेंबरनंतर सर्वाधिक होरपळले, तेच चार रझाकारांचे मुख्य बालेकिल्ले होते आणि त्यांच्या हातून सर्वांत जास्त सोसलेले लोकही त्याच चार जिल्ह्यांतले. म्हणजे दोन्ही हंगामांची यादी एकच निघते. यातून कोणी ‘बदला होता’ एवढेच काढतो आणि मोकळा होतो. अहवालाने तसे काढलेले नाही. आधीचा जुलूम हे कारण म्हणून तो सांगतो, पण ज्यांनी काही केले नव्हते त्यांच्यावर आलेल्या संकटाची किंमत त्या कारणापोटी कमी करत नाही. दुसऱ्या बाजूचे काही लेखक अहवालातली नंतरची पाने तेवढी वाचतात आणि दरमहा वसुलीचा मजकूर ओलांडून जातात. त्यांनाही हाच कागद उत्तर देतो.

मग या मंडळींना शांतता कुठे सापडली? अहवालातल्या थोड्याशा ओळी यासाठी पुन्हा पुन्हा वाचाव्यात अशा आहेत. अनेक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान कुटुंबांना जिवावर उदार होऊन आसरा दिला. ही आपुलकी विशेष दिसली ती एकाच धंद्यातल्या लोकांत. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांच्या बाजूने हिंदू जमावाला तोंड दिले आणि त्यात काहींनी जीव गमावला. पळवलेल्या मुसलमान स्त्रियांचा शोध लावून त्यांना परत आणण्यात पुष्कळ हिंदूंनी मदत केली. विणकरांचेच उदाहरण का यावे, याचे स्पष्टीकरण शिष्टमंडळ देत नाही. मला ते असे दिसते: सूत एका व्यापाऱ्याकडून, कर्ज एका सावकाराचे, माल विकायचा तो एकाच बाजारात, मागाशेजारी माग. अशा ठिकाणी शेजाऱ्याचे नुकसान पुढच्या बाजाराला आपल्या घरी पोहोचते. शेतीत तसे नसते. शेजाऱ्याची जमीन रिकामी झाली तर ती कोणाला तरी मिळते. अहवालात घरे आणि जमिनी बळकावल्याची नोंद आहे, ती याच्या शेजारी ठेवून वाचावी.

अहवाल दिल्लीत पोहोचला आणि तिथेच राहिला. संस्थान खाते सांभाळणाऱ्या वल्लभभाई पटेलांना तो रुचला नाही. रझाकारांच्या अत्याचारांवर केंद्र सरकारने 1948मध्येच श्वेतपत्रिका छापली होती; दुसऱ्या हंगामाचा कागद मात्र छापला नाही. फायली बंद करणे हा शांतता प्रस्थापित करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि आपल्या सरकारांनी तो वेळोवेळी वापरला आहे. नव्या राष्ट्राला त्या घडीला आणखी एक आग परवडणारी नव्हती, हे मान्य करूनही चाळीस-पन्नास वर्षे तो कागद अंधारात ठेवण्याचे समर्थन होत नाही. त्याचे काही भाग 1988 साली उमर खालिदी यांनी संपादित केलेल्या इंग्रजी ग्रंथात आले. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयातली प्रत वाचकांना पाहता येऊ लागली आणि 2013च्या सुमारास ए. जी. नूराणी यांनी पूर्ण मजकूर आपल्या पुस्तकात छापला. म्हणजे आता तो गुप्त नाही. हैदराबादवर इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी तो वापरला. ज्या पट्ट्याबद्दल तो आहे तिथे मात्र 17 सप्टेंबरच्या भाषणांत त्याचा उल्लेख कानावर येत नाही.

त्या अहवालाच्या पलीकडचा पुरावा नांदेड आणि लातूरच्या कचेऱ्यांत पडून आहे. हैदराबाद राज्यात 1954-55 साली खासरा पाहणी झाली. कोणते शेत कोणाच्या नावे आणि कोणाच्या ताब्यात, हे तिच्यात गावनिहाय नोंदलेले आहे. त्याआधीचे निजामकालीन दप्तर उर्दूत आहे. दोन्ही शेजारी ठेवली की 1948च्या आधी जमीन कोणाची होती आणि सहा वर्षांनी कोणाकडे गेली, कोणत्या गावात काही बदलले नाही, कोणत्या गावात एका समाजाची नावे एकाएकी गळाली, हे दिसेल. काहींनी रीतसर विकली असेल, काही नातेवाइकांकडे गेली असेल. तेही कागदावरूनच कळेल. हे दप्तर हाताळता येत नाही, वाचणारे मिळत नाहीत, अशी सबब आता चालणार नाही. 2023 साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत जुनी दप्तरे उघडली, उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधून आणली, खासरा पत्रके पानोपान चाळली. सरकारच्या मनात आले की काय होऊ शकते ते सर्वांनी पाहिले आहे.

नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे आणि शिष्टमंडळ ज्यांना भेटले त्यांत स्वामीजीही होते. त्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाने सुंदरलाल अहवालाची सटीप मराठी आवृत्ती श्वेतपत्रिकेसह एकाच बांधणीत काढावी आणि खासरा पाहणीच्या आधाराने बिलोली, नायगाव, मुखेड, देगलूर भागातली निदान काही गावे तपासावीत. ज्यांच्या घरी त्या दोन वर्षांतली पत्रे, वसुलीच्या पावत्या, खरेदीखते किंवा मदतकार्याच्या याद्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता तिथे नेऊन द्याव्यात. हिंदूंच्या घरांत त्या असतील, तशाच लातूर-नांदेड सोडून गेलेल्यांच्या नातवंडांकडेही असतील. दोघांकडच्या मागवाव्यात.